उशिरावर सही कोणाची? संरक्षण सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण सचिव,
संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. हे पत्र आपल्या पदाला लिहिले आहे. आज त्या खुर्चीवर असलेल्या अधिकाऱ्याविषयी मला वैयक्तिक काहीही म्हणायचे नाही. किंबहुना खुर्चीवरची व्यक्ती बदलली तरी जे बदलत नाही, त्याविषयीच लिहायचे आहे. माझी नोकरी संरक्षण लेखा विभागात झाली. खरेदीचा प्रस्ताव टेबलावर यायचा, त्यावर शंका काढली जायची, फाइल खाली जायची आणि काही आठवड्यांनी उत्तर घेऊन पुन्हा वर यायची. हे आयुष्यभर जवळून पाहिल्यामुळे ही तक्रार बाहेरून खडे मारणाऱ्याची नाही, एवढे आपण मान्य कराल. पत्र मराठीत लिहिण्याचे कारणही सांगतो. पुलगावचा दारूगोळा डेपो, देहू रोड आणि खडकीचे डेपो, भंडारा, भद्रावती, वरणगाव, अंबरनाथचे कारखाने, माझगाव गोदी, ओझरचा विमान कारखाना हे सारे आमच्या अंगणात आहे आणि साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत जात आहेत. आपल्या मंत्रालयात फाइल कोणत्या वेगाने चालते, हा इथल्या अनेक घरांचा खासगी प्रश्न आहे.

माझे म्हणणे असे. संरक्षण खरेदीत चुकीच्या निर्णयाला जबाबदार कोण, हे शोधता येते. न घेतलेल्या निर्णयाला जबाबदार कोण, हे शोधता येत नाही. जादा भावाने वस्तू घेतली तर लेखापरीक्षक विचारतो, लोकलेखा समिती विचारते, वेळप्रसंगी सीबीआय दारात येते. तीच वस्तू नऊ वर्षे घेतलीच नाही, तर कोणाच्याही गोपनीय अहवालात एक ओळ पडत नाही. उशीर कोणी करत नाही, तो ‘प्रक्रियेमुळे’ होतो, असे आपल्याकडे धरून चालतात. या उशिराखाली नाव, हुद्दा आणि सही असावी, आणि शेवटची सही आपली असावी, ही माझी मागणी आहे.

आपलीच का, हे नियमांतूनच निघते. १९६१ च्या कार्यवाटप नियमांनुसार भारताचे संरक्षण आणि त्यासाठीची तयारी हा विषय संरक्षण विभागाकडे आहे, त्या विभागाचे प्रमुख आपण आहात आणि मंत्रालयातल्या इतर विभागांच्या कामाचा समन्वयही आपल्याकडेच आहे. कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाच्या शिफारशींवरून २००१ मध्ये मंत्रालयात स्वतंत्र अधिग्रहण शाखा उभी राहिली. तिचे प्रमुख महासंचालक (अधिग्रहण) हे सनदी अधिकारी असतात. त्यांच्या हाताखाली भूदल, नौदल आणि हवाईदलासाठी संयुक्त सचिव दर्जाचे अधिग्रहण व्यवस्थापक, मेजर जनरल किंवा समकक्ष हुद्द्याचे तांत्रिक व्यवस्थापक आणि वित्त व्यवस्थापक काम करतात. मुलकी, लष्करी आणि हिशेबी अशी तीन डोकी एका टेबलावर आणणारी ही रचना कागदावर चांगलीच आहे. तिच्यामुळे बरेच सुधारले, हेही मान्य केले पाहिजे.

पण जानेवारी २०२० पासून मंत्रालयाला तीन दारे झाली आहेत. तोफ, विमान, पाणबुडी ही भांडवली खरेदी आपल्या दाराने जाते. बूट, कपडे, सुटे भाग, दारूगोळा ही महसुली खरेदी संरक्षण दल प्रमुखांच्या अखत्यारीतल्या सैनिकी व्यवहार विभागाच्या दाराने जाते. यांतले बरेच काही बनवणारे सरकारी कारखाने आणि त्यांच्या मालाची गुणवत्ता तपासणारी यंत्रणा संरक्षण उत्पादन विभागाच्या दाराने. प्रत्येक दारावर कर्तबगार माणसे बसलेली आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तोफखान्यातल्या जवानाला तोफ, तिचा गोळा, तिची सुटी नळी आणि ती ओढणारा ट्रक एकाच दिवशी, एकाच जागी लागतो. त्यातले काय कोणत्या विभागाकडून यायचे होते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. हे सगळे एकत्र पाहणारा मुलकी अधिकारी व्यवस्थेत एकच उरतो, तो म्हणजे आपण.

उदाहरणादाखल बुलेटप्रूफ जॅकेट घेतो, कारण त्यात गुपित असे तंत्रज्ञान नाही आणि देशाच्या हिशेबात पैसाही फार नाही. लष्करासाठी १,८६,१३८ जॅकेटांच्या खरेदीला मंजुरी मिळाली २००९ मध्ये. करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटी रुपयांचा, म्हणजे नगाला साधारण ३४ हजार रुपये. पुरवठ्याला त्यापुढे तीन वर्षांची मुदत. मधल्या काळात एकदा निविदा निघाली, नमुने चाचणीत उतरले नाहीत आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मार्च २०१६ मध्ये तात्पुरती सोय म्हणून ५० हजार जॅकेटे वेगळी घ्यावी लागली. त्या काळी भरती झालेला साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून घरी येत असे. म्हणजे मंजुरीच्या वर्षी भरती झालेल्या मुलाची निम्म्याहून अधिक नोकरी फक्त कराराची वाट पाहण्यात गेली. काश्मीरमध्ये रोज शोधमोहिमा चालू असताना हे घडत होते.

या नऊ वर्षांत कोणी कामचुकारपणा केला, असा माझा आरोप नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. लष्कराने आपल्या गरजेचे गुणनिकष ठरवायचे, बाजारात काय मिळते याची विचारणा करायची, गरजेला मान्यता घ्यायची, निविदा काढायची, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, त्यांचे मूल्यमापन, मग किमतीची वाटाघाट, मग वित्तीय मंजुरी. यातला एकही टप्पा मला अनावश्यक वाटत नाही. खरी गंमत टप्प्यांच्या मधल्या फटींत आहे. मैदानी चाचणीच घ्या. उपकरण राजस्थानच्या वाळवंटात मे-जूनच्या उन्हात आणि उंच पहाडावर जानेवारीच्या थंडीत तपासायचे असते. महाजन किंवा पोखरणच्या मैदानावर जायचे ठरलेले उपकरण, एका पत्राचे उत्तर एप्रिलऐवजी जुलैत गेले, की पुढच्या मे महिन्यापर्यंत गोदामात पडून राहते. तीन महिन्यांच्या दिरंगाईचे अशा रीतीने एक अख्खे वर्ष होते. फाइलवर मात्र तीनच महिने दिसतात आणि तेही तीन टेबलांवर वाटलेले, प्रत्येकाकडे फक्त महिनाभर. चौकशी केली तर तिघेही खरेच सांगतात. शिवाय चाचणीचा खर्च पुरवठादाराने स्वतः सोसायचा असतो. परदेशी बडी कंपनी एक हंगाम चुकला तरी थांबू शकते. भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाचे बँकेचे व्याज थांबत नाही. दुसऱ्या हंगामाला तो आलाच नाही की आपण म्हणतो, स्पर्धा झाली नाही, पुन्हा निविदा काढा.

किमतीच्या वाटाघाटीचेही असेच. वाटाघाटी समितीने भाव खाली आणला की ‘इतके कोटी वाचले’ अशी नोंद फाइलवर होते आणि व्हायलाही हवी, लेखा विभागात घालवलेल्या आयुष्याला स्मरून सांगतो. पण त्या प्रस्तावाला लागलेल्या चार-पाच वर्षांत रुपया घसरला, पोलाद महागले, जुने उपकरण चालते ठेवण्यासाठी वर्षाकाठी पैसा ओतावा लागला, या खर्चाला फाइलमध्ये रकानाच नाही. रकाना नसल्यामुळे तो खर्च कोणी मोजत नाही, आणि मोजत नसल्यामुळे तो झालाच नाही असे आपण समजतो.

लष्करी मुख्यालय यातून सुटते असेही नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी या गुणनिकषांची आपल्या रोखठोक शैलीत थट्टा केली होती. काही अपेक्षा परदेशी चित्रकथांतल्या महानायकांना शोभतील अशा असतात, असा त्यांचा सूर होता. २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या कॅलिबरच्या, म्हणजे व्यासाच्या, नळ्या बदलून वापरता येईल अशी रायफल मागणारी निविदा निघाली आणि २०१५ मध्ये रद्द झाली. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० रायफली जलदगती मार्गाने अमेरिकेतून आणाव्या लागल्या. अवास्तव मागणी पहिल्याच टेबलावर परत पाठवणे हे मंत्रालयाचे काम होते. चार वर्षांनी रद्द करण्यापेक्षा चौथ्या महिन्यात ‘नाही’ म्हणणे लष्करावर अधिक उपकाराचे ठरले असते.

आता दुसऱ्या दाराकडे येतो. सियाचीन आणि लडाखसारख्या अतिउंच भागांतल्या जवानांचे कपडे, बूट, शिधा आणि निवाऱ्याविषयी कॅगचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बुटांचा पुरवठा झाला नाही आणि जवानांना वापरलेलेच बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले, असे त्यात म्हटले आहे. बर्फातल्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के होती. शिध्याची गोष्ट तर अशी की ठरलेल्या पदार्थाऐवजी पर्यायी पदार्थ द्यायचा झाला तर तो तेवढ्याच किमतीचा द्यायचा. पर्याय महाग असल्यामुळे तो वजनाला कमी भरायचा आणि उष्मांक काही वेळा ८२ टक्क्यांपर्यंत घटायचे. हिशेब चोख, पैसा एकही जादा गेला नाही, पोट मात्र अर्धे. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी हा अहवाल जुन्या काळाचा असून परिस्थिती सुधारल्याचे सांगितले होते. मी ते खरे मानतो. पण ज्या काळात बूट नव्हते, त्या काळात ते का नव्हते आणि कोणाच्या टेबलावर तो प्रस्ताव होता, याचे उत्तर मिळालेले नाही. ते कोणी मागितलेही नाही.

दारूगोळ्याचे आकडे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असतील. चाळीस दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल इतका साठा हवा, असा दंडक होता. कॅगने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांचाही नव्हता. त्यानंतर परिस्थिती सावरली, पण ती सावरायला उरीचा हल्ला व्हावा लागला.

इथे तातडीच्या खरेदीचा मुद्दा येतो. २०१६ मध्ये उरीनंतर, २०२० मध्ये गलवाननंतर आणि २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी विशेष अधिकार देण्यात आले. गलवाननंतर तिन्ही दलांच्या उपप्रमुखांना ३०० कोटींपर्यंतची खरेदी करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये मंत्रालयाने तातडीच्या मार्गाने केलेले १३ करार १,९८१.९० कोटी रुपयांचे होते. या मार्गाने वर्षभरात माल हाती येतो. माणसे तीच, देश तोच, लेखापरीक्षकही तेच. रक्त सांडल्यावर जे वर्षभरात होते, ते एरवी पाच वर्षे का घेते, याचे उत्तर ‘प्रक्रिया’ हे असू शकत नाही. तातडीची खरेदी ही काही आदर्श पद्धत नव्हे, हेही लगेच सांगतो. थोडा थोडा माल, वेगवेगळ्या बनावटीचा, येतो. पुढे त्याचे सुटे भाग जुळत नाहीत, प्रशिक्षण वेगळे द्यावे लागते, आणि त्या तिढ्याची फाइल पुन्हा दुसऱ्या दाराने जाते. आपल्या पदाचे यश तातडीची खरेदी किती झाली यात नाही. ती किती कमी वेळा करावी लागली यात आहे.

उशिरामागे भीती आहे आणि ती खोटी नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. १९४८ मध्ये मागवलेल्या दोन हजार जुन्या जीपगाड्यांपैकी १५५ आल्या आणि त्याही निकामी निघाल्या. तिथपासून बोफोर्सपर्यंत आणि पुढे हेलिकॉप्टरांपर्यंत प्रत्येक प्रकरणाने अधिकाऱ्यांना एकच धडा दिला की सही न करणे सुरक्षित असते. कारगिलच्या वेळी हुतात्म्यांसाठी मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या शवपेट्यांवरून तीन लष्करी अधिकाऱ्यांवर खटला भरला गेला आणि २०१३ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी त्यांना आरोपमुक्त केले. घाईत केलेल्या खरेदीची ही शिक्षा पाहिल्यावर पुढचा अधिकारी सही करताना चारदा थांबणारच. पण २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्या कलमाखाली लबाडीचा हेतू नसतानाही निव्वळ कोणाचा तरी फायदा झाला म्हणून अधिकारी गोवला जात असे, ते कलम गेले. भीतीचे मोठे कारण त्याबरोबर कमी झाले आहे. सवय मात्र राहिली आहे.

या भीतीची किंमत माझगाव गोदीच्या धक्क्यावर पाहायला मिळते. सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झाला आणि त्यांतली पहिली, आयएनएस कलवरी, डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी निवडलेले जड टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून मारा करणारी अस्त्रे, इटलीच्या फिनमेकॅनिका समूहातल्या कंपनीचे होते. त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या हेलिकॉप्टरांचे प्रकरण उघडकीला आले, जानेवारी २०१४ मध्ये तो हेलिकॉप्टर करार रद्द झाला आणि त्या वाऱ्याबरोबर टॉर्पेडोही गेले. सहावी पाणबुडी, आयएनएस वाघशीर, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली, तरी नव्या जड टॉर्पेडोंचा पत्ता नव्हता आणि जुन्यांवरच भागवावे लागत होते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये ४८ टॉर्पेडोंचा करार झाला, तोही त्याच इटालियन कंपनीशी. लाच दिली-घेतली असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, त्याबाबत माझे दुमत नाही. पण इथे कंपनीपेक्षा जास्त शिक्षा पाणबुडीला झाली. समूहावर बंदी घालताना ‘मग टॉर्पेडो कोठून आणि कधी’ हा प्रश्न त्याच टिपणीत लिहून त्याला तारीख टाकणे कोणाचे काम होते?

याच मुंबईच्या समुद्रात २६ फेब्रुवारी २०१४ रोजी आयएनएस सिंधुरत्न या पाणबुडीत धूर होऊन दोन अधिकारी गेले. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये नौदल गोदीत सिंधुरक्षक ही पाणबुडी बुडून अठरा जण गेले होते. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी पद सोडले. जुन्या पाणबुड्यांची दुरुस्ती, बॅटऱ्या, सुटे भाग यांच्या मंजुऱ्या ज्या मुलकी टेबलांवरून जातात, त्यांतल्या एकाही टेबलावरून त्या दिवशी कोणी उठले नाही. दुर्घटनेचे कारण त्या टेबलांवरच होते, असे मी म्हणत नाही. अधिकार एकीकडे आणि उत्तरदायित्व दुसरीकडे, ही वाटणी इतकी उघडी पडलेला दुसरा दिवस मला आठवत नाही, एवढेच.

पुलगावविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या केंद्रीय दारूगोळा डेपोत आग लागली आणि अधिकारी, जवान व डेपोच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून १९ जण मृत्युमुखी पडले. शेजारच्या आगरगावच्या लोकांना अंधारात घरे सोडून पळावे लागले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी हे स्फोटक पाझरत होते, ही गोष्ट नंतर पुढे आली. आता हा सुरुंग कोणाचा, ते पाहा. कारखाना आणि त्याच्या मालाची तपासणी करणारी यंत्रणा उत्पादन विभागाची. साठवणूक लष्कराची. माल परत घ्यायचा, दुरुस्त करायचा की नष्ट करायचा, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे या सर्वांच्या पत्रव्यवहाराचे. खरेदी झाली की फाइल बंद होते, वस्तू मात्र पुढे पंचवीस-तीस वर्षे डेपोत राहते. त्याच पुलगावला २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. खोकी उतरवायला आलेली माणसे. वस्तूच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा ठेकेदाराच्या मजुरांवर सोपवला जातो, तेव्हा मूळ खरेदीच्या टिपणीत ‘विल्हेवाट’ या शब्दापुढे काय लिहिले होते, हे पाहायची माझी फार इच्छा आहे.

सुधारणा झाल्या नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००५ मध्ये विजय केळकर यांच्या समितीने फ्रान्सच्या धर्तीवर खरेदीसाठी व्यावसायिक, कायमस्वरूपी संस्था उभारण्याचा विचार मांडला होता. फ्रान्समध्ये अशी संस्था १९६१ पासून आहे आणि तिथले अभियंते आयुष्यभर हेच काम करतात. आपण ती शिफारस कपाटात ठेवली. धुळ्याचे सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री असताना तयार झालेला अंतर्गत अहवाल पुढे वृत्तपत्रांत आला. तीन वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी जेमतेम आठ-दहा टक्के वेळेत पूर्ण झाले आणि जबाबदारीचे असे एकच ठिकाण नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मंत्रालयाच्या आतूनच हे लिहिले गेले, याचे मला आजही कौतुक वाटते. २०२० ची अधिग्रहण पद्धती आली, महसुली खरेदीची नवी नियमपुस्तिका नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, २०२४-२५ मध्ये १९३ करार झाले आणि त्यांची किंमत २ लाख ९ हजार ५० कोटी होती, हा विक्रमच. आणि त्याच वर्षी सुधारित अंदाजात भांडवली तरतुदीतून १२,५०० कोटी कमी करावे लागले. मे २०२५ मध्ये हवाईदलप्रमुख ए. पी. सिंग यांनी उद्योगपतींच्या सभेत उघडपणे सांगितले की वेळेत पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. म्हणजे सह्या वाढल्या आहेत, माल अजून तारखेला येत नाही.

म्हणून माझी विनंती नव्या समितीची नाही. प्रत्येक खरेदी प्रस्तावाला, मग तो कोणत्याही दाराने जात असो, वर एक विलंबपत्रक लावावे. फाइल कोणत्या टेबलावर कधी आली, कधी गेली, ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त का थांबली, त्या टेबलावर तेव्हा कोणत्या हुद्द्यावर कोण होते, आणि त्या थांबण्यामुळे चाचणीचा हंगाम चुकला का, हे त्यावर असावे. त्याच पत्रकात मी वर म्हटलेला रकाना असावा : या काळात जुने उपकरण चालवण्यावर किती खर्च झाला आणि किती तुकड्या त्या वस्तूवाचून राहिल्या. शंका काढणाऱ्या अधिकाऱ्याने साऱ्या शंका एकदम काढाव्यात. एक शंका सोडवली की दुसरी, मग तिसरी, ही आमच्या खात्याची जुनी खोड आहे आणि ती मोडायला नियम नव्हे, वरिष्ठाचा एक कडक शेरा पुरेसा असतो. प्रस्ताव नाकारायचा असेल तर ठरलेल्या मुदतीत, कारण लिहून नाकारावा. एका प्रकल्पाच्या आयुष्यात अधिग्रहण व्यवस्थापक तीन-चारदा बदलतो आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्या पानापासून वाचायला घेतो. तेव्हा निदान गरजेच्या मान्यतेपासून करारापर्यंत त्याची बदली होऊ नये, आणि झालीच तर आपल्या काळातल्या विलंबाचे पत्रक सही करून त्याने पुढच्याच्या हाती द्यावे. गरजेच्या मान्यतेच्या टिपणीतच सुटे भाग, दुरुस्ती आणि अखेरची विल्हेवाट यांच्या तारखा असाव्यात आणि त्यावर संरक्षण दल प्रमुख व उत्पादन सचिव यांच्याबरोबर आपलीही सही असावी.

गोपनीयतेचा मुद्दा निघेल, हे मला ठाऊक आहे. क्षेपणास्त्राचा पल्ला आणि साठ्याचा आकडा गुप्त ठेवा, कोणाची हरकत नाही. फाइल एका टेबलावर किती दिवस पडून होती, ही माहिती शत्रूच्या उपयोगाची नाही. संसदेच्या स्थायी समितीपुढे दर वर्षी सर्व विलंबपत्रकांचा गोषवारा आपण स्वतः ठेवावा आणि त्यावरच्या प्रश्नांना स्वतः उत्तरे द्यावीत, कनिष्ठांना पाठवू नये.

सगळीकडे एकदम सुरुवात होणार नाही, हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. सुरुवात अतिउंच भागातल्या कपड्यांपासून आणि बुटांपासून करावी. तिथे पैसा तुलनेने थोडा आहे, माल ओळखीचा आहे, आणि हिवाळ्यापूर्वीच्या साठवणीची मुदत निसर्गानेच ठरवून दिलेली असल्यामुळे कोणत्या टेबलाने किती दिवस खाल्ले, हे लपवता येत नाही. येत्या हिवाळ्यासाठीच्या प्रत्येक प्रस्तावाचे विलंबपत्रक आजपासून ठेवायला सुरुवात करावी आणि पहिला गोषवारा पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, अनुदानाच्या मागण्यांची चर्चा सुरू होण्यापूर्वी, स्थायी समितीला द्यावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
संरक्षण लेखा विभागातून निवृत्त झालेला एक नागरिक,
पुणे